ऐंशी तारा

हडर्सफील्डला, स्टेशनमागच्या बोळात,
वर न्हाव्याची खुर्ची, खाली तळघरात मी
आणि बिस्किटांच्या डब्यांत कोंबलेल्या केबली.

मंगळवारी मिस्टर ओल्डरॉइड जिना उतरले,
टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर कडेवर,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसा.
"डिस्क गेली. पुतण्या म्हणतो, टाकून दे."
आत काय आहे?
"कबुतरं."

अठ्ठ्याण्णवपासूनच्या सगळ्या शर्यती:
कोण कुठून सुटलं, वारा कुठला होता,
परसातल्या फळीवर पाय कधी टेकला,
सेकंदासकट.

झाकण काढलं. आत राखाडी फीत, दोन इंच रुंद.
मेजावर सपाट केली, नख फिरवलं आडवं.

माझा बाप इचलकरंजीत मागावर जॉबर.
कापड हाती आलं की आधी खिशातलं भिंग काढायचा,
इंचात दोरे किती ते मोजायचा,
मगच तोंड उघडायचा.
मला त्यानं दुसरं फारसं काही शिकवलं नाही.

नखाला चाळीस खाचा लागल्या. भरड.
"ही कुणी बसवली?"
"पुतण्यानं. नाताळात धूळ झाडायला उघडला होता."

मग डब्यातून दुसरी काढली, शेजारी ठेवली.
टोकं बघा, दोन्हींची सारखीच, भोकं तेवढीच.
इथंच माणूस फसतो.
आता अंगावर नख फिरवा.
त्यांनी फिरवलं. जाड, पिवळं, गिरणीतलं नख.
"बारीक आहे ही," म्हणाले. "वर्स्टेडसारखी."
ऐंशी तारा.
त्यातल्या चाळीसांतून काहीच जात नाही.
"मग कशाला?"
एकीचं बोलणं दुसरीत सांडू नये म्हणून.
दर दोघींच्या मध्ये एक गप्प बसलेली.
अर्थिंग म्हणतात तिला,
अर्थ मात्र तिच्यातून एकही जात नाही.

ते जरा थांबले.
"आम्ही मागांच्या गोंगाटात ओठांनी बोलायचो,
तीस वर्षं. घरी गेल्यावरही
बायको म्हणायची, आवाज काढ की."

निळं टोक बोर्डाला, काळं डिस्कला,
लाल काठ पहिल्या पिनेकडे.
मधलं करडं टोक दुसऱ्या डिस्कसाठी, असलीच तर.
पुस्तकात त्यांना मालक आणि गुलाम म्हणतात.
मी थोरली-धाकटी म्हणते,
एकीची टोपी बदलली की दुसरी रुसते, एवढं खरं.
आणि दीड फुटापेक्षा लांब घेऊ नका,
बाजारात ती चमकणारी, गोल, हातभर मिळते, तीही नको.

"नव्या मशीनला कसली लागते?"
बोटभर रुंद, एका डिस्कला एक.
वेगळी चूल. भांडणच नाही.
"हं," म्हणाले. ते त्यांना फारसं आवडलं नसावं.

चालू केला. डिस्क कुरकुरली, मग लागली बोलायला,
न अडखळता.
पडद्यावर नावं येत गेली, अंगठीचे नंबर, वेळा.
नाताळानंतरच्या काही नोंदी मात्र चुकीच्या तारेनं खाल्ल्या होत्या.
एकीत तर डस्टी मेबल नावाची मादी
सुटण्याआधी अकरा मिनिटं घरी पोचलेली.
"दुरुस्त करू?"
चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.
"नको. तिला घाई असायचीच."

चार पौंड केबलचे. बसवण्याचे घेतले नाहीत.
टॉवेल घडी करून काखेत, कॉम्प्युटर कडेवर,
जिन्यावर दोनदा थांबत गेले.

चाळीसवाली मी टाकली नाही.
सीडीच्या ड्राइव्हला पुरते ती, तिथं कुणाला घाई नसते.
डब्यात ठेवली, चिठ्ठी लावून: चाळीस.
मग पुन्हा काढून एकदा नखानं मोजली.